दुबईत फ्री झोनमध्ये कंपनी काढताय? आधी एवढं बघा

फ्री झोन म्हणजे कर-सीमाशुल्काच्या सवलतींचा, धंद्यासाठी राखलेला वेगळा भाग. तिथलं स्वस्त पॅकेज बघून परवाना घेऊ नका, नवखे इथेच फसतात. आधी ठरवा, गिऱ्हाईक कुठलं? माल आफ्रिकेला पाठवायचा असेल तर जेबेल अली उत्तम. १९८५ पासूनचा झोन, बंदराला लागूनच गोदामं. पण दुबई शहरातल्या देरा भागातल्या दुकानांत विकायचा असेल, तर झोनच्या फाटकाबाहेर काढलेला माल आयात धरतात, सीमाशुल्काचे कागद करावे लागतात. आणि परदेशी माणसाला शंभर टक्के मालकीसाठी झोनच हवा असं नाही, ती २०२१ पासून झोनबाहेरही बहुतेक धंद्यांत मिळते.

आणखी दोन गोष्टी:
- ‘कर शून्य’ हे अर्धसत्य आहे. जून २०२३ पासून ९ टक्के कंपनी कर आहे. झोनमध्ये सूट अटींवरच.
- बँक खात्याला वेळ लागतो. माझा परवाना आठवड्यात आला, खातं तीन महिन्यांनी. तेवढे दिवस खर्चाला पुरतील इतके पैसे हाताशी ठेवा.

व्हिसाचा कोटा वगैरे नंतर बघू. बिनधास्त विचारा.