काजव्यात स्फुरद असतो का?

एका वाचकानं विचारलंय: काजवे बघायला येणाऱ्यांसाठी फलक लिहिताना त्यांनी ‘स्फुरदीप्त काजवे’ असं लिहिलं. शेजारी म्हणाले, नत्र-पालाशाबरोबर शेतात टाकतो तोच ना स्फुरद? तो काजव्यात कुठून आला? आणि मग ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ त्याचं काय?

शेजाऱ्यांची शंका रास्त आहे. फलकावर ‘जीवदीप्ती’ लिहा, म्हणजे सजीवानं स्वतः तयार केलेला उजेड. स्फुरदीप्ती म्हणजे आधी उजेड पिऊन घ्यायचा आणि अंधारात सावकाश सोडायचा. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या करतात ते. काजवा उजेड साठवत नाही, पोटाच्या टोकाशी ताजा तयार करतो. लहानपणी आम्ही काजवे काडेपेटीत ठेवायचो. तिथे खरा स्फुरद होता तो पेटीच्या कडेच्या तांबूस पट्टीत! काजवा मुठीत धरला तर बोटांच्या फटींतून हिरवट उजेड यायचा, पण हाताला ऊब म्हणून लागायची नाही.

घोळ नावातच आहे. स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये ‘प्रकाश आणणारा’, पहाटेची शुक्राची चांदणी. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटनं मूत्र आटवून अंधारात चमकणारा पदार्थ मिळवला, त्याला ते नाव चिकटलं. ‘स्फुरद’ घडवणाऱ्याला दाद द्यायला हवी: उच्चार फॉस्फरसच्या जवळचा, आणि ‘स्फुर्’मध्ये थरथरणंही आहे, चमकणंही. पण स्फुरदाचं स्वतःचं चमकणं स्फुरदीप्ती नाहीच. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, त्याचा तो उजेड.

१८८५ साली फ्रान्सच्या राफाएल द्युबुआनं चमकणाऱ्या भुंगेऱ्यांचा अर्क काढला. गार पाण्यातला अर्क थोडा वेळ चमकून विझला, गरम पाण्यातला चमकलाच नाही. दोन्ही एकत्र ओतले आणि पुन्हा उजेड! उष्णतेला टिकणाऱ्या द्रव्याला पुढे त्यानं ल्युसिफेरिन म्हटलं, उष्णतेनं बिघडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ल्युसिफरेज. ल्युसिफर म्हणजे लॅटिनमध्ये ‘प्रकाश आणणारा’. पुन्हा तीच शुक्राची चांदणी.

तरी स्फुरदाला अगदीच हाकलू नका. १९४७ साली अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी काजव्यांच्या विझलेल्या अर्कात एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, घातलं आणि अर्क उजळला. एटीपीत तीन फॉस्फेट असतात, म्हणजे स्फुरद आलाच. पण तो तुमच्या-माझ्या पेशींतही आहे, आणि आपण काही चमकत नाही. एटीपी ल्युसिफेरिनला सज्ज करतं. उजेड पडतो तो नंतर ऑक्सिजनशी गाठ पडल्यावर. कोकणच्या लाटांना रात्री निळी कड लावणाऱ्या नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचं तर या कामी एटीपीवाचूनही भागतं.

डोळ्यांपुढचे काजवे मात्र निव्वळ भास. डोळ्याला ठोसा बसला की दृष्टिपटलातल्या पेशी चाळवतात, आणि मेंदू त्यांची प्रत्येक वर्दी उजेड म्हणूनच वाचतो. त्याचं शास्त्रीय नावही फॉस्फीन, ‘फॉस’ म्हणजे प्रकाश एवढ्याच अर्थानं. धान्याच्या कोठारात कीड मारायला वापरतात तो फॉस्फीन वायू वेगळा. त्यात स्फुरद आहे.