दिसतं ‘आहे’, ऐकू येतं भलतंच

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्याने करून घेतोय. एका अंध सभासदांची तक्रार होती की जुन्या साइटवरचं मराठी त्यांना वाचताच येत नाही. साइट करणारा मुलगा म्हणतो, कोपऱ्यात एक बटण बसवू. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. तेवढं पुरेल का? की अंधांसाठी वेगळं पान करावं? – चिटणीस, तालुक्याचं वाचनालय

उत्तर: चिटणीससाहेब, बटण नको आणि वेगळं पानही नको. वेगळं पान दोन महिन्यांत शिळं होतं. नवी सूचना मूळ पानावर लागते, आम्हा अंधांच्या पानावर गेल्या दिवाळीची शुभेच्छा तशीच. आणि अक्षरं मोठी करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आहेच.

मी जन्मांध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता निवृत्त. घरच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली त्याचं काम सुरू केलं, आणि तो आजही फुकट मिळतो. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो. मी ठेवलेला त्याच्या आवाजाचा वेग ऐकून नातू म्हणतो, ‘आजोबा, ही कॅसेट अडकलीय.’

तुमच्या सभासदांची तक्रार ऐकून माझा पहिला संशय फॉन्टवर. जुना मजकूर ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये असेल, तर तुम्हाला पडद्यावर ‘आहे’ दिसतं, पण आत साठवलेली असतात ए-ए-एच-ओ ही इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडरला फॉन्टचं चित्र दिसत नाही, त्याला आतलं अक्षर कळतं. मग अख्खी वार्षिक सभेची सूचना माझ्या कानात इंग्रजी बडबड होऊन येते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे आत साठवलेलं अक्षरही देवनागरीच राहील. फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांनी तपासा. सूचनेचा फोटो काढून चढवणं हेही तेच दुखणं. त्यात तर वाचायला काहीच नसतं.

दुसरं, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं लिहायला त्या मुलाला सांगा. एका ओळीचं काम आहे. तिथे चुकून इंग्रजी राहिलं, तर स्क्रीन रीडर देवनागरी वाचायला इंग्रजी आवाज लावू शकतो.

आता दुवे. घाईत असलो की मी पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी उघडतो. एका संस्थेच्या पानावर ती अशी ऐकू आली: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा... मोजले, अकरा होते. ‘सभासद अर्ज’, ‘दिवाळी अंकांची यादी’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो? अर्जाचंही तसंच. रकान्याला नाव जोडलेलं नसलं की मला फक्त ‘एडिट, ब्लँक’ ऐकू येतं. नाव लिहायचं की पिनकोड, हे अंदाजाने ठरवायचं. मी एकदा पिनकोडच्या जागी आडनाव लिहून बसलोय.

मुखपृष्ठांच्या चित्रांना कोडमध्ये वर्णन म्हणून पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव द्या. नुसती नक्षी असेल तर ते वर्णन रिकामं ठेवा. फुलांची वेलबुट्टी ऐकण्यात मला रस नाही. फिकट करड्या अक्षरांचा मोहही टाळा. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ सांगितलाय. तुमच्या सत्तरीतल्या सभासदांनाही त्याचा फायदा.

समितीत कोणी ‘एका माणसासाठी एवढा खटाटोप?’ म्हणालं, तर ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

साइट झाली की माउस काढून ठेवा आणि नुसत्या टॅब व एंटरवर एक पुस्तक राखून दाखवा. मग त्या सभासदांना बोलवा, तेच काम सांगा आणि शेजारी गप्प बसा. ‘वरती उजवीकडे आहे ना’ असं म्हणू नका. ते कुठे अडतात ते लिहून घ्या. आणि चहाबरोबर पाकीटही द्या. ही तपासणी आमच्याकडून नेहमी फुकटातच करून घेतात.