ब्राउझरचा सोर्स कोड मोकळा असेल तर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो नुसता कंपाइल करून चालत नाही का?

नाही चालत. कंपाइल होतो, म्हणजे आठ-पंधरा दिवस एरर निस्तरल्यावर होतो, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एचटीएमएल वाचणं, सीएसएस लावणं, कुठला चौकोन कुठे बसणार याचं गणित, हे सगळीकडे सारखंच. अडतं ते कडेकडेला. खिडकी उघडणं, अक्षर काढणं, माऊस कुठे आहे ते विचारणं, ही कामं ब्राउझर सिस्टिमकडून करून घेतो आणि प्रत्येक सिस्टिमची तऱ्हा वेगळी.

अॅपलने सफारीसाठी लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईवाल्यांचं केएचटीएमएल हे ब्राउझर-इंजिन घेतलं, तेव्हा हाच पेच होता. ते इंजिन जागोजागी क्यूटी या खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या लायब्ररीवर टेकलेलं. ओळी १ लाख ४० हजारांच्या आत, म्हणजे ब्राउझरच्या मानाने आटोपशीर, तरी त्यातून क्यूटी खरवडून काढायचं म्हणजे जन्म गेला असता. त्यांनी इंजिन बरंचसं तसंच ठेवलं आणि खाली केडब्ल्यूक्यू नावाचा थर घातला. उच्चार 'क्वॅक', बदकासारखा! इंजिन हाक मारणार क्यूटीला, ओ देणार मॅक. जानेवारी २००३मध्ये सफारी जाहीर झाला. आजचं वेबकिट त्याच इंजिनातून वाढलं.

आता माझा अनुभव. नेटसर्फ हा सी भाषेतला छोटा ब्राउझर, २००२मध्ये रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सुरू झालेला. त्याचं जीटीके (क्यूटीसारखीच खिडक्या काढून देणारी लायब्ररी) वापरणारं रूप मी लिनक्सवर वापरायचो, मराठी पानं व्यवस्थित दिसायची. मग हौस म्हणून फ्रेमबफरवालं, म्हणजे थेट पडद्याच्या मेमरीत चित्र काढणारं, रूप बिल्ड केलं, देवनागरी फॉन्टही हाती दिला. पान उघडलं तर 'किल्ली'ची पार दैना. पहिली वेलांटी 'क'च्या मागे येऊन पुढच्या 'ल'ला चिकटलेली, आणि जोडाक्षराऐवजी एक पाय मोडलेला 'ल', शेजारी दुसरा अख्खा 'ल'. दोन तास मी फॉन्टलाच दोष देत होतो. फॉन्ट बिचारा ठीक होता. जीटीकेमध्ये अक्षरांची जुळणी पँगो ही लायब्ररी करून देते. फ्रेमबफरमध्ये फॉन्टमधली चिन्हं काढून देणाऱ्या फ्रीटाइपकडून एकेक चिन्ह घेऊन ओळीने मांडलं जातं. इंग्रजीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फायरफॉक्स आणि क्रोमसारखे मोठे ब्राउझर आता अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ सोबत घेऊनच फिरतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

दुसरी कड सुरक्षेची. वेबपानाचा कोड कोंडून ठेवायला लिनक्सवर सेककॉम्प आहे, ओपनबीएसडी या सिस्टिमवर प्लेज आणि अनव्हील. प्रोग्रामने काय करायचं आणि कुठल्या फाइल पाहायच्या, यावर ते बंधन घालतात. त्यामुळे ओपनबीएसडीवर फायरफॉक्समधून डॉक्युमेंट्समधली फाइल अपलोड करायला जाल तर ती दिसतच नाही, कारण मुळात ब्राउझरला घरातलं डाउनलोड्स फोल्डर सोडून फारसं काही दिसू दिलेलं नसतं. नवा माणूस हमखास बग समजतो.

आणि पोर्ट, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर नेणं, एकदा करून भागत नाही, मूळ प्रकल्प पुढे पळत असतो. २०११मध्ये फायरफॉक्स ४ने पॉवरपीसी प्रोसेसरचे मॅक सोडले, तेव्हा मॅकच्या जुन्या टायगर आवृत्तीवाल्यांसाठी टेनफोरफॉक्स हा ब्राउझर निघाला. त्या प्रोसेसरसाठी जावास्क्रिप्टचा जिट कंपायलरही (कोड चालता चालता यंत्रभाषेत उतरवणारा) त्यांनाच लिहावा लागला. पुढे पुढे नवा कोड जुन्या मशीनवर बसेना, म्हणून फायरफॉक्स ४५वरच मुक्काम ठोकून त्यालाच ठिगळं लावत राहिले, तेही २०२१पर्यंत. आता तर फायरफॉक्सला रस्ट ही भाषा लागते, म्हणजे तुमच्या सिस्टिमवर रस्टचा कंपायलर नसेल तर आधी तो पोर्ट करा.

तेव्हा क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमच्या मोकळ्या कोडच्या, नादी लागू नका, अख्खं सेमिस्टर बिल्डमध्येच जाईल. नेटसर्फ घ्या. त्यात प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा फ्रंटएंड, म्हणजे सिस्टिमशी बोलणारा भाग, आहे आणि 'मंकी' नावाचा एक फ्रंटएंड पडद्यावर काहीच काढत नाही, नुसत्या मजकुरातून आज्ञा घेतो आणि उत्तरं देतो. चाचण्यांसाठी केलाय, पण सिस्टिमकडून नेमकं काय काय मागितलं जातं ते त्यात स्वच्छ दिसतं. आधी तो वाचा. मग स्वतःचा फ्रंटएंड लिहून खिडकी उघडली की पहिल्याच दिवशी त्यात 'किल्ली' टाकून बघा.