१०१, १०८, ११२ : फोन उचलतो कोण, जाब विचारायचा कुणाला?

गेल्या अंकात आम्ही पूर आणि आगीच्या वेळच्या फोनबद्दल प्रश्न मागवले होते. बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. एकसारख्या पत्रांचा एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : आग लागली तर १०१ लावायचा की ११२? फोन उचलायला उशीर झाला तर तक्रार सेवासदनात (महानगरपालिकेत) करायची की पोलिसांत? आमचे नगरसेवक म्हणतात, "हे आमच्या हातात नाही." (दांडिया बाजार)

उत्तर : नगरसेवकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टेलिफोन हा राज्यघटनेच्या केंद्रसूचीतला विषय, नोंद ३१. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, नोंद २ आणि ६. अग्निशमन मात्र बाराव्या परिशिष्टात सातव्या क्रमांकावर, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांत. तुम्ही एक फोन करता, पण तो तीन सरकारांच्या अंगणातून जातो.

बडोद्यात अग्निशमन दल सेवासदनाचं आहे. तुमच्या दांडिया बाजारातलं फायर स्टेशन, तिथली माणसं, बंब, फोनवर बसणारे कर्मचारी या सगळ्याचा पगार आणि खर्च महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो. १०८ ची रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य खात्याच्या करारावर चालते. गुजरातमध्ये ती २९ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. ११२ ही देशभराची एकच सेवा. गुजरातभर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि तिचं केंद्र राज्य पातळीवरचं आहे. तिथे उचललेला फोन पुढे पोलीस, आग किंवा रुग्णवाहिकेकडे वळवला जातो.

वेळ जातो तो नेमका या वळवण्यात. ११२ वाला म्हणतो, आम्ही लगेच पुढे दिला. फायर स्टेशनवाला म्हणतो, वर्दी मिळाल्या मिळाल्या गाडी काढली. दोघंही खरं बोलत असतात, आणि मधली तीन मिनिटं कुणाच्याच वहीत नसतात. म्हणून तक्रार करताना "उशीर झाला" एवढंच लिहू नका. पाच टप्प्यांच्या वेळा मागा : घंटी वाजली कधी, फोन उचलला कधी, स्टेशनला वर्दी गेली कधी, गाडी फाटकाबाहेर पडली कधी, जागेवर पोचली कधी. आगीच्या फोनपुरत्या शेवटच्या तीन वेळा सेवासदनाच्याच ताब्यात आहेत. त्या नगरसेवकांनी मागायच्या नाहीत तर कुणी?

लावायचा कोणता? पत्ता नीट सांगता येत असेल आणि आगच असेल, तर १०१ लावा. माणूस जखमी आहे, भांडण आहे, किंवा नक्की काय झालंय तेच कळत नाही, अशा वेळी ११२. एक लागला नाही तर वाट बघत बसू नका, लगेच दुसरा लावा.

प्रश्न : फायर ब्रिगेड सरासरी आठ मिनिटांच्या आत पोचतं असं सभेत सांगितलं, तर ते पुरेसं मानायचं का? नगरसेवकांनी आणखी काय विचारावं? (रावपुरा)

उत्तर : सरासरीवर समाधान मानू नका. समजा महिन्यात शंभर वर्द्या आल्या. नव्वद ठिकाणी गाडी ६ मिनिटांत पोचली आणि दहा ठिकाणी २५ मिनिटांनी. हिशोब केला तर सरासरी येते ७.९ मिनिटं. कागदावर बरी दिसते, पण दहा घरांनी पंचवीस मिनिटं धूर गिळला ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा दंडक शहरासाठी ५ ते ७ मिनिटांचा आणि खेड्यांसाठी २० मिनिटांचा आहे. तेव्हा विचारायचं ते असं : शंभरातल्या नव्वद वर्द्या किती मिनिटांच्या आत गाठल्या, आणि उरलेल्या दहा कुठल्या वॉर्डातल्या होत्या? उरलेल्या दहा जर दरवेळी मांडवी-पाणीगेटच्या पोळांतल्याच (अरुंद गल्ल्यांतल्या जुन्या वस्त्यांतल्याच) निघाल्या, तर तिथे छोटी गाडी ठेवायला हवी हे आपोआप सिद्ध होतं.

दुसरी गोष्ट घड्याळांची. तुमच्या मोबाइलची नोंद, नियंत्रण कक्षातलं भिंतीवरचं घड्याळ, स्टेशनचं रजिस्टर आणि गाडीचं जीपीएस या चारही ठिकाणी वेळ वेगळी असू शकते. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर रजिस्टरप्रमाणे गाडी घंटी वाजण्याआधीच निघालेली दिसेल, नाहीतर खरा उशीर झाकला जाईल. मोबाइल कंपनीची आणि जीपीएसची वेळ सहसा जुळते, घोळ होतो तो हाताने लिहिलेल्या नोंदीत. सगळी घड्याळं एका वेळेशी जुळवलेली आहेत का आणि ती शेवटची कधी तपासली, हा प्रश्न लेखी विचारावा. त्याला खर्च शून्य.

शिवाय वाजून वाजून बंद झालेले, म्हणजे कुणी न उचललेले फोन महिन्याला किती? ते मोजले जातात का? रात्रपाळीला फोनवर किती माणसं बसतात, मंजूर जागा किती, रिकाम्या किती? रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात? वीज गेली तर फोनचं यंत्र किती तास चालतं? विचारायची योग्य वेळ जानेवारी-फेब्रुवारी, जेव्हा अंदाजपत्रक स्थायी समितीपुढून सामान्य सभेत जातं. एरवी उत्तर मिळतं, पैसे मिळत नाहीत.

२०२५ च्या दुरुस्तीनंतर आपत्ती व्यवस्थापन कायद्यात महानगरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली आहे. राज्य सरकारने ते नेमलं की त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस, आरोग्य आणि अग्निशमन यांच्यातली ती मधली तीन मिनिटं एकाच टेबलावर विचारता यावीत, यासाठी या तरतुदीचा आग्रह धरायला हवा असं आमचं मत आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात ईपीएबीएक्स (अंतर्गत फोनांचा बोर्ड) आहे. मॉकड्रिलमध्ये गेटवरच्या वॉचमनने १०१ फिरवला तर अकाउंट्सच्या केबिनमध्ये घंटी वाजली! (मकरपुरा जीआयडीसी)

उत्तर : हे फार ठिकाणी होतं, आणि आग लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बोर्ड बसवणारा माणूस एक्स्टेन्शनचे नंबर १०१ पासून सुरू करतो. मग १०१ म्हणजे अकाउंट्स, १०८ म्हणजे स्टोअर आणि ११२ म्हणजे कदाचित कँटीन. लॉज आणि हॉस्टेलमध्ये तर खोली नंबर १०१ हेच एक्स्टेन्शन असतं.

उपाय असा. सगळी एक्स्टेन्शनं २०१ किंवा ३०१ पासून पुढे न्या, १ ने सुरू होणारा एकही अंतर्गत नंबर ठेवू नका. मग बोर्डाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये १००, १०१, १०८, ११२ आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर आधी शून्य न फिरवता सरळ बाहेरच्या लाइनवर जातील असं करून घ्या. घाबरलेल्या माणसाला शून्य आठवत नाही. वॉचमन आणि कँटीनच्या फोनवर बाहेरचे कॉल बंद केलेले असतात. त्या बंदीतून हे पाच नंबर वगळायला सांगा. काम झाल्यावर प्रोग्रॅमिंगचा प्रिंट घेऊन फाइलला लावा, कारण पुढच्या दुरुस्तीत कारागीर बोर्ड रीसेट करतो आणि सगळं मूळपदावर येतं.

आणखी एक खोड. लाइन इंटरनेटवरची असेल आणि नंबर मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या मुख्य कार्यालयाच्या नावावर असेल, तर पलीकडे पत्ता त्या कार्यालयाचा दिसू शकतो. नेहमीची लाइन असली तरी सगळ्या शेडचा नंबर एकच दिसतो, कुठल्या गेटवरून फोन आला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक फोनशेजारी एक पाटी चिकटवा : कंपनीचं नाव, प्लॉट नंबर, बंब आत येईल ते गेट, आणि समोरची ठळक खूण. गुजरातीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत. गेट केबिनमध्ये एक चार्ज केलेला साधा मोबाइलही असू द्या.

तपासणी करायची असेल तर ११२ फिरवून बघू नका. आधी फायर स्टेशनच्या नेहमीच्या ऑफिस नंबरवर बोलून वेळ ठरवा, मगच १०१ लावा.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरात वीज गेली आणि घरचा फोन मेला. पूर्वी असं कधी होत नसे. (कारेलीबाग)

उत्तर : तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळायचा, घरात दिवे नसले तरी तो चालायचा. फायबरच्या तारेतून वीज येत नाही. फायबरचा भिंतीवरचा डबा घरच्या विजेवर चालतो, तो बंद पडला की फोन बंद. त्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि कितीतरी सोसायट्या अंधारात होत्या, तेव्हा हे हजारो घरांत एकाच वेळी घडलं.

डब्याच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपियर असतात. तेवढ्याच व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपियर तितकेच किंवा जास्त चालतील. कॉर्डलेस फोनच्या बुडाला वेगळी वीज लागते, म्हणून तारेचा साधा फोन माळ्यावर टाकू नका, तोच लावा. अर्थात कंपनीच्या रस्त्यावरच्या पेटीत पाणी शिरलं तर घरातला यूपीएस काही करू शकत नाही.

मोबाइलवर आपल्या कंपनीचा सिग्नल नसेल तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. त्या वेळी १०१ किंवा १०८ ऐवजी ११२ च फिरवा, कारण हँडसेट ११२ ला संकटकालीन नंबर म्हणून ओळखतो. टॉवरवर गर्दी झाली असेल तर आवाजाचा कॉल अडतो, पण एसएमएस बऱ्याचदा निघतो; नातेवाइकांना मेसेजच करा.

प्रश्न : मुलगा पुण्यात आहे. आम्ही दोघं म्हातारे मांजलपुरात. त्याने तिथून ११२ लावला तर मदत इथे येईल का? (मांजलपूर)

उत्तर : फोन महाराष्ट्राच्या केंद्रात जाईल. तिथून निरोप गुजरातला पोचवावा लागेल आणि त्यात वेळ जाईल. त्याने जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला एसटीडी कोडसह फोन करावा : ०२६५-१०७७. जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि फायर स्टेशनचा पूर्ण दहा आकडी नंबरही आजच त्याच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. तीन आकडी नंबर फोन करणारा जिथे उभा आहे तिथलंच केंद्र शोधतात.

म्हणूनच मही नदीच्या काठावरच्या गावांत कधीकधी फोन पलीकडच्या आणंद जिल्ह्यातल्या टॉवरवरून जातो. तेव्हा पहिलं वाक्य जिल्हा आणि तालुक्याचं असू द्या.

प्रश्न : पत्ता सांगूनही १०८ दुसऱ्याच सोसायटीत गेली. (वाघोडिया रोड)

उत्तर : एकाच नावाच्या सोसायट्या या शहरात ढिगाने आहेत. टॉवरवरून कळणारी जागा काहीशे मीटर इकडेतिकडे असते, गावाकडे त्याहून जास्त. तेव्हा क्रम असा ठेवा : शहर, भाग, मुख्य रस्ता, ठळक खूण, मग सोसायटी आणि घर. घर नंबर सगळ्यांत शेवटी. पोळात राहत असाल तर मोठी गाडी कुठपर्यंत येते तेही सांगा आणि त्या तोंडाशी माणूस उभा करा. फोनवर बोलणारा गुजराती असतो, "उजवीकडे" म्हणालात तर तो क्षणभर थबकतो. "जमणी बाजू" (उजवी) आणि "डाबी बाजू" (डावी) एवढे दोन शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत, अगदी सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा.

प्रश्न : माझ्या कॉलचं रेकॉर्डिंग मला मिळेल का? (निझामपुरा)

उत्तर : मागता येतं, घाई मात्र करा. जुनी रेकॉर्डिंगं पुसली जातात. पहिल्याच आठवड्यात एक साधं पत्र द्या : "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं." पोचपावती घ्या. मोबाइलमधल्या कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट काढा. केस नंबरचा मेसेज आला असेल तर तो पुसू नका.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. गुजरातमध्ये फी २० रुपये, नमुना 'क'. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो, मराठीत नाही. आगीसाठी महानगरपालिकेचे जनमाहिती अधिकारी, खंडेराव मार्केट. पोलिसांसाठी पोलीस आयुक्त कार्यालय. १०८ साठी राज्याचं आरोग्य खातं. चुकीच्या कचेरीत गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. कोणत्या नंबरवरून कोणता नंबर लावला आणि किती वाजता ते मिनिटापर्यंत लिहा, ओळखपत्र जोडा, आणि वर सांगितलेल्या पाचही वेळा वेगवेगळ्या ओळींत मागा. "सविस्तर माहिती द्यावी" असं लिहिलंत तर दोन ओळींचं उत्तर येईल. मुदत ३० दिवसांची; जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचाही निकाल पटला नाही तर ९० दिवसांत गांधीनगरला राज्य माहिती आयोगाकडे.

प्रश्न : नातवाने मोबाइलचं बटण तीनदा दाबलं आणि ११२ लागला. दंड होईल का? (अलकापुरी)

उत्तर : चुकून लागलेल्याला दंड नाही. घाबरून फोन कापू नका. कापलात तर ते परत फोन करतात, उत्तर नाही मिळालं तर माणूस संकटात असेल असं धरतात. "भूलथी लागी गयो" म्हणा, नाव विचारलं तर सांगा, मग ठेवा.

प्रश्न : माझी बहीण इंदूरला असते. ती म्हणते १८१ महिलांसाठी नाही. खरं काय? (फतेहगंज)

उत्तर : दोघी बरोबर. गुजरातमध्ये १८१ म्हणजे अभयम, महिलांची हेल्पलाइन. मध्य प्रदेशात १८१ हा मुख्यमंत्री हेल्पलाइनचा नंबर, नळ-रस्त्याच्या तक्रारींचा. ती तिथे असताना अंगावर बेतलं तर तिने ११२ लावावा, तो दोन्हीकडे एकच आहे.