सातबारावर की सातबाऱ्यावर? आणि ‘कोरा’ म्हणजे काय?

विचारणा अशी आहे : ‘वडिलांचं नाव सातबारावर आहे’ हे बरोबर की ‘सातबाऱ्यावर आहे’? बारा हा आकडा, ‘बाऱ्याला ये’ असं कुणी म्हणत नाही, मग ‘सातबाऱ्यावर’ कुठून आलं? आणि जोडीला दुसरी शंका : ‘सातबारा कोरा करा’ अशी मागणी सारखी ऐकू येते, कागद कोरा झाला तर शेतकऱ्याचं नावही गेलं की, मग हे मागणं उलटंच नाही का?

पहिल्याचं उत्तर : सातबाऱ्यावर. बिनदिक्कत लिहा.

संख्या म्हणून ‘बारा’ला सामान्यरूप होत नाही, हे खरं. बाराला, बारापर्यंत, बाराचा पाढा. पण सातबारा ही आता संख्या राहिलेली नाही. गावच्या महसुली दप्तरात ठरावीक नमुने असतात. त्यातला गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कुणाची, किती, आकार (म्हणजे शेतसारा) किती, तिच्यावर आणखी कुणाचा हक्क आहे. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. वर सात, खाली बारा, असे दोन्ही एकाच कागदावर येतात आणि त्याची नक्कल म्हणजे ‘सात-बाराचा उतारा’. यातला ‘उतारा’ बोलण्यात गळला, पण जाताना आपलं पुल्लिंग मागे ठेवून गेला. म्हणून तो सातबारा. आणि शेवटी ‘आ’ आलाच आहे म्हटल्यावर मराठीनं त्याला पसारा, पहारा, निवारा यांच्या रांगेत बसवून टाकलं : पसाऱ्यात, पहाऱ्यावर, सातबाऱ्यावर. अनेकवचनही तसंच, ‘चार सातबारे’.

‘आठ-अ’ शेजारी ठेवून पाहिलं की हे पटतं. सातबारा एका गटाचा किंवा हिश्शाचा असतो, आठ-अ खातेदाराचा; त्या गावात त्याच्या नावावर असलेले सगळे गट त्यात एकत्र दिसतात. लोक तोही ‘काढतात’ आणि तोही पुल्लिंगीच, कारण उतारा तिथेही गळलाय. पण आठ-अ बिचारा ‘आठ-अवर’ म्हणूनच राहिला. सतरा नंबरचा फॉर्म घ्या. ‘पोरगा सतरा नंबरनं दहावीला बसलाय’ हे महाराष्ट्रात कुणालाही समजतं, पण सतराचं काही ‘सतऱ्या’ झालं नाही, तो अजून नंबरच आहे. ‘एकशे चव्वेचाळीस लागू केलं’ हेही तसंच. (जुलै २०२४ पासून नव्या संहितांमध्ये त्या कलमाचा आकडा १६३ झाला, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं. पण ‘चारसोबीस’ माणसाला कुणी ‘तीनशे अठरा’ म्हणेल असं मला वाटत नाही.)

कचेरीत मात्र ‘७/१२ वर’ असं आकड्यात लिहितात, त्यामुळे तिथे सामान्यरूपाचा प्रश्नच उठत नाही. तेच अक्षरी वाचताना ‘सातबारावर’ झालं आणि छापून येऊ लागलं. शेतावरचा माणूस असं बोलताना मी तरी ऐकलेला नाही.

आता ‘कोरा’. नमुना सातमध्ये जमीनधारकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि ‘इतर हक्क’ असा दुसरा रकाना वेगळा. बँकेचं किंवा विकास सोसायटीचं कर्ज घेतलं की या दुसऱ्या रकान्यात नोंद पडते. सोसायटीची असेल तर ‘इकरार’ असा शब्द आणि पुढे रक्कम. याला म्हणायचं ‘बोजा चढला’. कर्ज फिटलं की ‘बोजा उतरला’, कागदी भाषेत ‘बोजा कमी केला’. सातबारा कोरा करणं म्हणजे हा रकाना कर्जाच्या नोंदींपासून मोकळा करणं. नावाला धक्का नाही. शेतकऱ्याच्या कानाला यात उलटं काही वाटत नाही, कारण ‘कोरा’ म्हटल्यावर त्याची नजर आपोआप त्याच रकान्यावर जाते.

मागणी ‘कर्ज माफ करा’वर न थांबता सातबाऱ्यापर्यंत का जाते, यालाही कारण आहे. कर्ज बँकेच्या खात्यात मिटलं म्हणून सातबाऱ्यावरून पुसलं जात नाही. बँकेनं कळवायचं, तलाठ्यानं फेरफार (दप्तरातल्या बदलाची नोंद) घ्यायचा, मंडळ अधिकाऱ्यानं तो प्रमाणित करायचा, मग बोजा जातो. हल्ली हे ऑनलाइन होतं, पण पायऱ्या त्याच. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची आणि २०१९ च्या अखेरीची राज्याची, प्रत्येकीच्या वेळी ‘माझं बसलं का?’ हे यादीत पाहणं वेगळं आणि ‘बोजा गेला का?’ हे उताऱ्यात पाहणं वेगळं. सोसायटीचा बेबाकी दाखला खिशात आणि सातबाऱ्यावर जुना इकरार तसाच, अशी माणसं कुठल्याही गावात भेटतील. ‘बेबाकी’ फारसीतून आलेला, बाकी नसलेला. शब्द अस्सल दरबारी, पण तो सोसायटीच्या सचिवाच्या तोंडी रोज असतो.

फेरफाराचं नाव निघालंच आहे. शहरी मराठीत ‘फेरफार’ म्हटलं की गडबडीचा वास येतो : हिशेबात फेरफार, मतदार यादीत फेरफार. गावात तो साधा, गरजेचा शब्द. ‘फेर पडला’, ‘फेर मंजूर झाला’, ‘फेराला हरकत आली’. बाप वारला की वारसाचा फेर, जमीन घेतली की खरेदीचा फेर. मेलेल्या माणसाच्या नावाला पूर्वी कंस करायचे, म्हणून ‘आज्याचं नाव कंसात गेलं’ हे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. २०२० साली नमुना बदलला आणि कंसाऐवजी आडवी रेघ आली.

जुने उतारे वाचताना दोन आद्याक्षरी रूपं हमखास अडवतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भावांची जमीन थोरल्याच्या नावानं लागायची आणि पुढे ही अक्षरं. ‘मॅनेजर’ हा इंग्रजी शब्द सातबाऱ्याच्या वाटेनं अशा घरांत पोचला, जिथे दुसरा कुठलाही मॅनेजर कधी आला नव्हता. ही अक्षरं जिथे लिहायची राहिली, तिथे पुढच्या पिढीत थोरल्याची पोरं म्हणाली की जमीन आमच्या बापाची एकट्याची, आणि भावकी कोर्टात गेली. दुसरं ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. यातला ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला. बाप गेला, पोरगा लहान, की नोंद पडायची ती पोराच्या नावानं, ‘अ.पा.क. आई’. कित्येक बायकांचा सातबाऱ्यावरचा वावर एवढाच : मुलगा सज्ञान होईपर्यंत, आणि तोही ‘आई’ म्हणून.

बहिणींचं याहून विचित्र. वडिलांमागे वारस लावताना भावांची नावं कब्जेदार सदरी (म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात) आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, अशी वहिवाट वर्षानुवर्षं होती. म्हणजे ज्या रकान्यात सोसायटीचा बोजा आणि शेजाऱ्याचा विहिरीच्या पाण्यातला वाटा, त्याच रकान्यात घरची लेक. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, केंद्रानं २००५ साली. लक्ष्मीमुक्तीच्या निमित्तानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची मोहीमही होऊन गेली. कायदा बदलला, पण बोली आपल्या जागी आहे. भावाच्या बाबतीत ‘नाव लागलं’ म्हणतात, बहिणीच्या बाबतीत ‘तिनं नाव लावलं’ किंवा सरळ ‘हिस्सा मागितला’. एकाचं आपोआप होतं, दुसरीनं केलेलं असतं. तिनं हक्कसोडपत्र करून दिलं तर ‘सही दिली’. साडीचोळी होते आणि माहेर शाबूत राहतं. कायद्याच्या लेखी सही द्यायची की नाही हे तिच्या मर्जीवर. ‘सही द्यायला कधी येतेस?’ हा फोनवरचा प्रश्न मात्र मर्जी विचारणारा नसतो.

‘लागणे’ हे क्रियापद सातबाऱ्याच्या भोवती फारच काम करतं. ‘जमिनीला कूळ (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) लागलं’ हा असाच प्रयोग, रोग लागावा तसा, आणि तो अर्थातच मालकाच्या बाजूचा आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनं ठरवलेला १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात त्या तारखेला जमीन कसणारं कूळ कायद्यानं खरेदीदार मानलं गेलं. मग कोण कसत होतं याचा पुरावा काय? दप्तरातली नोंद. जिथे ती होती तिथे कुळाची जमीन झाली. जिथे नव्हती तिथे कसणाऱ्याला शाबीत करत बसावं लागलं. त्या धास्तीचा परिणाम आजही दिसतो. जमीन वाट्यानं देतात, ठोक्यानं देतात, बटाईनं देतात, पण तोंडी. कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. त्यामुळे राबणाऱ्याला पीककर्ज मिळणं अवघड, आणि हमीभावाच्या केंद्रावर तूर न्यायची तर सातबारा मालकाचा मागून न्यायचा.

इथे ‘शेतकरी’ या शब्दाचाच अर्थ वाकतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. आणि शेतकरी असल्याचा व्यवहारातला पुरावा म्हणजे सातबारा. म्हणून पुण्यात नोकरी करणारा, आजोबांच्या वाट्यातून वीस गुंठे आलेला आणि बांध न पाहिलेला माणूस शेतकरी ठरतो. लहानपणापासून दुसऱ्याचं रान कसणारी बाई शेतमजूर. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर सरकारी मदतीसाठीही जमीन कुटुंबात कुणाच्या नावावर, कर्ज कुणाकडून, हे तपासून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं, आणि बातम्यांत ‘अपात्र आत्महत्या’ असा शब्दप्रयोग येतो. मराठीत याहून निर्दय विशेषण मला पटकन आठवत नाही.

जामीन राहायचं तर सातबारा, मुलीसाठी स्थळ पाहायचं तर सातबारा. इतका हाताळला गेल्यावर शब्द शेताबाहेर पडणारच. ‘तालुका काय तुझ्या बापाच्या सातबाऱ्यावर आहे का?’ हे भांडणात हमखास येतं. गंमत म्हणजे सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हेच. महसूल संहितेनुसार त्यातली नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी मानायची, इतकंच. पण भांडणात संहिता कोण काढतो!

नमुना बाराबद्दल थोडं. त्यातल्या ‘निर्भेळ पीक’ आणि ‘मिश्र पीक’ या रकान्यांमुळे ‘निर्भेळ’ हा शब्द शेतात जिवंत राहिला; एरवी आपण निर्भेळ आनंदापुरताच तो वापरतो. ही नोंद तलाठी करायचा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानंच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून करायची आहे. ‘पाहणी केली का?’ हा आता शेतकऱ्याला विचारायचा प्रश्न झाला, पूर्वी तो तलाठ्याला होता. खुद्द तलाठ्याचं पदनामही २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. त्याच्या हद्दीला ‘सजा’ म्हणतात, तेवढं नाव मात्र राहिलं. चकरा मारणाऱ्यांना ते पटतंही.

महाराष्ट्राबाहेरचं विचाराल तर गुजरातीतही ‘सात-बार’ आहे, कारण १९६० पर्यंत दोघांचं दप्तर मुंबई राज्याचं. गोव्यात नमुने वेगळे, म्हणून तिथे ‘एक-चौदा’चा उतारा. मराठवाड्यात जुना वाद निघाला की अजून १९५४-५५ चं खासरा पत्रक शोधतात, ती जुन्या हैदराबाद राज्याची आठवण. एक-चौदाचं सामान्यरूप मराठीत ‘एक-चौद्यावर’ असं मी अजून ऐकलेलं नाही. गोव्याच्या वाचकांनी ऐकलं असेल तर जरूर कळवावं.

लिहिण्यापुरतं म्हणाल तर अक्षरी लिहिताना मध्ये रेघ न देता सलग : सातबारा, सातबाऱ्याचा, सातबारे. आकड्यात लिहायचं असेल तर ‘७/१२चा उतारा’, आणि मग ‘उतारा’ गाळू नका.