सुलतानाची रयत, देशाचे नागरिक

प्रश्न : ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात मुस्लिम, ख्रिश्चन आणि ज्यू कायद्याने एकाच देशाचे नागरिक कधी झाले?

एकच साल हवं असेल, तर १८६९ धरा. त्या वर्षीच्या कायद्यानुसार ऑटोमन बापाचं मूल ते ऑटोमन, मग धर्म कुठलाही असो. १८३९ आणि १८५६ च्या फर्मानांनी समतेची ग्वाही आधीच दिली होती आणि १८७६ च्या राज्यघटनेच्या ८व्या कलमात धर्म कुठलाही असो, सगळी प्रजा 'ऑटोमन', असं नोंदलं गेलं. यात सगळा उदारपणाच होता असं नाही. बरेच ख्रिश्चन आणि ज्यू व्यापारी परकीय वकिलातींचं संरक्षण मिळवून सुलतानाच्या कर-कायद्यांतून निसटत होते. त्यांना धरून ठेवायचं होतं.

जाता जाता : 'रयत' आणि 'वतन' हे दोन्ही अरबी शब्द तिकडेही होते. आपल्याकडे वतन म्हणजे पाटलाचं-देशमुखाचं. तिकडे याच काळात 'वतन'चा अर्थ मायदेश असा रुळत गेला.

प्रश्न : समान हक्क मिळाल्यावर ख्रिश्चन सैन्यात का गेले नाहीत?

सरकारलाही ते फारसे नकोच होते. जिझिया गेला आणि त्याच्या जागी लष्करी सेवेऐवजी भरायचा 'बेदेल' आला. पाटी बदलली, वसुली चालू राहिली. येमेनला पाठवलेला अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) शेतकऱ्याचा पोरगा परत येईलच याची खात्री नसे, त्यामुळे पैसे भरून सुटणं ख्रिश्चनांनाही परवडत होतं. १९०९ मध्ये ही सवलत रद्द झाली, तेव्हा अनेक तरुणांनी अमेरिकेची बोट पकडली.

प्रश्न : १९०८ च्या क्रांतीनंतर रस्त्यावर दिसलेला बंधुभाव खरा होता की देखावा?

माझ्या मते खरा होता. सुलतान अब्दुल हमीदने तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली राज्यघटना 'तरुण तुर्क' गटाच्या बंडामुळे जुलैत परत आली आणि सलोनिका (आज ग्रीसमधलं थेसालोनिकी), बैरुत, जेरुसलेमात मौलवी, पाद्री, रब्बी एकमेकांना मिठ्या मारू लागले. मिठ्यांवर विश्वास नसेल, तर ऑक्टोबरकडे बघा. ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तसा ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला. सलोनिकाच्या बंदरावरचे हमाल बहुतेक ज्यू. त्यांनी ऑस्ट्रियन जहाजांना हात लावला नाही. आणि पंचाईत अशी, की सगळ्या धर्मांच्या डोक्यावर एकसारखी दिसावी म्हणून आणलेली लाल फेज टोपी बव्हंशी ऑस्ट्रियातूनच यायची! लोकांनी फेज फाडल्या आणि पांढऱ्या नमद्याच्या टोप्या घातल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये या नव्या राजवटीविरुद्धचा उठाव मोडल्यावर सुलतान अब्दुल हमीदला पदच्युतीची बातमी द्यायला चौघे गेले. त्यांत सलोनिकाचे ज्यू खासदार इमॅन्युएल कारासो होते आणि एक आर्मेनियनही.

प्रश्न : मग सात वर्षांत आर्मेनियनांचा संहार कसा झाला?

त्याच १९०९ च्या एप्रिलमध्ये दक्षिण अनातोलियातल्या अदाना शहरात आर्मेनियनांची कत्तल झाली होती. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला, निर्वासितांचे लोंढे आले आणि सत्ता मूठभरांच्या हाती एकवटली. त्यांच्या हिशोबात ख्रिश्चन नागरिक आता 'आतला शत्रू' ठरला.

क्रिकोर झोहराब हे इस्तंबूलचे आर्मेनियन खासदार आणि नावाजलेले वकील. १९०९ च्या त्या उठावात त्यांनी तरुण तुर्कांच्या पक्षाच्या हलील बेंना स्वतःच्या घरात लपवलं होतं. १९१५ मध्ये झोहराबना अटक झाली आणि आग्नेय अनातोलियातल्या उर्फा शहराजवळ त्यांना ठार मारण्यात आलं. तेव्हा संसदेचे अध्यक्ष हेच हलील बे होते.