सामान्य नागरिकांनी रेटा लावून शहराला स्वतःचं फायबर इंटरनेट मिळवून दिलं, असं कुठे घडलंय का? पुण्या-मुंबईत घडू शकेल का?

घडलंय, आणि मी राहतो त्याच गावात घडलंय. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला साधारण तासाभराच्या अंतरावर फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. विद्यापीठाचं गाव, शिवाय एचपी, इंटेल वगैरे कंपन्यांची ऑफिसं, त्यामुळे मराठी घरंही बऱ्यापैकी. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त अवघड आहे. पण इथे नेमकं काय झालं ते कळलं की त्याचं अर्धं उत्तर मिळून जातं, म्हणून आधी इथलं सांगतो.

सुरुवात एका विचित्र कायद्यापासून होते. २००५ साली दूरसंचार कंपन्यांच्या आग्रहाखातर कोलोराडोच्या विधिमंडळाने 'सिनेट बिल १५२' मंजूर केलं. एखाद्या नगरपालिकेला स्वतः इंटरनेट पुरवायचं असेल तर तिने आधी गावात सार्वमत घ्यायचं, अशी त्यात अट होती. हेतू उघड होता: एवढी उठाठेव कोण करतंय! झालं उलटंच. सार्वमत म्हटल्यावर गावोगाव सभा झाल्या, वर्तमानपत्रांत पत्रं छापून आली, आणि ज्यांनी कधी इंटरनेटच्या बिलापलीकडे विचार केला नव्हता ते लोकही या विषयावर बोलू लागले. शंभराहून जास्त गावांनी आणि परगण्यांनी मतदान करून या कायद्यातून अंग काढून घेतलं. शेवटी २०२३ मध्ये तो अडसर राज्यानेच दूर केला.

फोर्ट कॉलिन्समध्ये हे मतदान २०१५ साली झालं आणि ८३ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. पण त्यात फक्त परवानगी मागितली होती, आणि परवानगीला खर्च येत नाही. खरी लढत झाली ७ नोव्हेंबर २०१७ ला. शहराची सनद बदलून पालिकेला दूरसंचार सेवा चालवण्याचा अधिकार द्यायचा का, आणि त्यासाठी १५ कोटी डॉलरपर्यंत कर्जरोखे काढू द्यायचे का, असा तो प्रश्न होता. मतपत्रिकेवर त्याचा क्रमांक '२-बी'.

विरोधात केबल कंपन्यांची राज्यपातळीवरची संघटना आणि स्थानिक व्यापारी मंडळ होतं. त्यांनी मिळून ९ लाख डॉलरहून जास्त खर्च केला. बाजूने होती नागरिकांची एक छोटी समिती: नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणारी मंडळी, आणि खर्च सगळा मिळून १५ हजार डॉलरच्या आसपास. विरोधकांच्या जाहिराती हुशारीने केलेल्या होत्या. 'इंटरनेट नको' असं त्यांनी कुठेही म्हटलं नाही. आधी रस्ते बघा, वाहतूक बघा, परवडणारी घरं बघा, मग इंटरनेटचं बघू, असा सूर होता. टीव्हीवर तेच, टपालात तेच.

मी तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होतो, म्हणजे मला मत नव्हतं. पण पत्रकं वाटायला आणि अंगणात पाट्या रोवायला मताधिकार लागत नाही. कोलोराडोत मतपत्रिका टपालाने घरी येते, लोक ती जेवणाच्या टेबलावर बसून सवडीने भरतात. त्यामुळे प्रचार मतदानाच्या आदल्या दिवशी शिगेला नेऊन उपयोग नसतो, पाकीट घरात पडण्याआधी लोकांपर्यंत पोचावं लागतं. दारात गेल्यावर वेगाबद्दल फारसं कोणी विचारत नसे. गिगाबिट, मेगाबिट हे आम्हा अभियंत्यांचे लाड. लोकांचा प्रश्न एकच असे: माझा कर वाढणार का?

उत्तर असं होतं की रोखे करातून फेडायचे नसून इंटरनेटच्या ग्राहकांच्या बिलांतून फेडायचे आहेत. मग एखादे आजोबा चष्मा वर करून विचारत, आणि ग्राहकच मिळाले नाहीत तर? हा प्रश्न रास्त होता. रोखे वीजखात्यामार्फत निघणार होते, म्हणजे योजना पडली तर झळ वीजखात्यालाच, पर्यायाने आपल्या वीजबिलाला. जे कार्यकर्ते हे मोकळेपणाने सांगत त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसे. जे 'तसं काही होणारच नाही' म्हणत, त्यांच्यासमोर दार लवकर बंद होई.

निकाल लागला: ५७ टक्के बाजूने. देशभरच्या बातम्यांत '१५ हजारांनी ९ लाखांना हरवलं' अशी कौतुकं झाली. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. दोन वर्षांपूर्वी ८३ टक्के असलेला पाठिंबा ५७ वर आला होता. प्रश्न वेगळा होता हे खरं, पण ते ९ लाख अगदीच पाण्यात गेले नव्हते. शेजारच्या लाँगमाँटमध्ये २००९ साली असंच मतदान झालं तेव्हा जाहिरातींपुढे नागरिक हरले होते. त्यांनी २०११ ला पुन्हा प्रश्न लावून धरला आणि सुमारे ६० टक्क्यांनी जिंकले. फोर्ट कॉलिन्सच्या मंडळींना तो इतिहास पाठ होता.

आता माझ्या मते या सगळ्यातली कळीची गोष्ट, जी बातम्यांत बहुतेक वेळा हरवते. फोर्ट कॉलिन्सची वीज पालिकेची आहे, १९३० च्या दशकापासून. म्हणजे प्रत्येक घराशी पालिकेचं बिलाचं नातं आधीच होतं, जमिनीखाली काय कुठून गेलंय याचे नकाशे होते, कामगार होते, गाड्या होत्या, आणि कर्ज उभारता येईल अशी पत होती. फोर्ट कॉलिन्स, लाँगमाँट, लव्हलँड आणि एस्टेस पार्क या चार गावांची मिळून 'प्लॅट रिव्हर पॉवर अथॉरिटी' नावाची वीज कंपनी आहे. तिने आपली उपकेंद्रं एकमेकांशी बोलती राहावीत म्हणून नव्वदच्या दशकातच फायबर टाकून ठेवलं होतं. आणि बघा, या चारही गावांनी पुढे स्वतःचं इंटरनेट उभं केलं. लव्हलँडने तर रोख्यांसाठी वेगळं सार्वमतही घेतलं नाही, नगर परिषदेनेच निर्णय केला.

याउलट तासाभरावरचं बोल्डर. शिकलेलं, चळवळ्या लोकांचं गाव. २०१४ मध्ये ८४ टक्के लोकांनी परवानगी दिली, आमच्यापेक्षा काकणभर जास्तच. पण तिथली वीज खासगी कंपनीची. ती ताब्यात घ्यायचा प्रयत्न शहराने दशकभर केला आणि २०२० मध्ये सोडून दिला. घरोघर फायबर नेणारी स्वतःची सेवा काही पालिकेने उभी केली नाही. लोकांचा उत्साह तिथेही होताच, हातात तारा नव्हत्या.

जिंकल्यानंतरचं थोडक्यात. २०१८ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलरचे रोखे निघाले, सेवेला 'कनेक्शन' हे नाव मिळालं (इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुद्दाम एक्स घातलेलं, पालिकेलाही हौस असते), आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या घरांत ती सुरू झाली. गावातल्या जवळपास सगळ्या विजेच्या तारा जमिनीखाली आहेत. दिसायला छान, पण फायबर टांगायला खांबच नाहीत! गल्लोगल्ली खोदावं लागलं, आणि काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. ज्यांनी घरोघर जाऊन प्रचार केला त्यातल्या काहींच्या गल्लीत ते सगळ्यात शेवटी पोचलं, त्यावरून टोमणेही खूप ऐकले. सुरुवातीचा दर एक गिगाबिटला महिना ६० डॉलरच्या आसपास, आणि अपलोडही तितकाच. सांगलीला आईशी व्हिडिओवर बोलताना माझा चेहरा गोठत नाही, हा त्या अपलोडचाच प्रताप.

आता पुणे-मुंबई.

पैसे उभे करणं अशक्य नाही. योगायोग असा की २०१७ मध्येच पुणे महापालिकेने पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले होते. पण पुण्याची वीज महावितरणची, म्हणजे राज्याची. महापालिकेच्या हातात रस्ते खोदायची परवानगी देणं किंवा न देणं एवढंच उरतं. शिवाय आपल्याकडे अशा विषयावर शहराचं सार्वमत घ्यायची पद्धत नाही, आणि सेवा द्यायची तर केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो.

महाराष्ट्रात फोर्ट कॉलिन्सशी जुळणारी एकच संस्था मला दिसते: बेस्ट. १९४७ पासून ती महापालिकेची आहे, मुंबई शहर भागात दहा लाखांच्या घरात वीजग्राहक, केबल जमिनीखाली. कागदावर सगळं जुळतं. पण बससेवेच्या तोट्याने ती इतकी वाकलीय की नव्या कर्जाचं नाव कोण काढणार? राज्याच्या पातळीवर बघायचं तर केरळने वीज मंडळाचे खांब वापरून 'के-फॉन' उभं केलं आणि जून २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ते मात्र सरकारने वरून आणलं, नागरिकांनी खालून रेटलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमची अडचणही निराळी आहे. इथे आमच्यासमोर एक केबल कंपनी आणि फोनच्या जुन्या तारेवरचं रडतखडत चालणारं इंटरनेट, एवढीच निवड होती. पुण्यात बऱ्याच भागांत तीन-चार कंपन्या आहेत आणि दर आमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मक्तेदारी असते ती इमारतीच्या आत: बिल्डरने किंवा सोसायटीच्या कमिटीने एकाच कंपनीला डक्ट (म्हणजे इमारतीत तारा वर न्यायची बंदिस्त वाट) दिलेला, दुसरा आला की वॉचमन गेटवरून परत पाठवतो. ती मोडायला ना रोखे लागतात ना सार्वमत. ट्रायने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये इमारतींना इंटरनेट जोडणीवरून तारांकन द्यायचे नियम केले आहेत. ते ऐच्छिक आहेत, पण कमिटीपुढे ठेवायला उपयोगी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेआधी 'डक्ट सर्व परवानाधारक कंपन्यांना समान अटींवर खुला करणे' असा विषय सचिवांना लेखी द्या, पोच घ्या, आणि तो विषयपत्रिकेवर नाव घालून छापून घ्या. 'ऐनवेळचे विषय' मध्ये जाऊ देऊ नका, तोपर्यंत निम्मे सभासद चहा पिऊन घरी गेलेले असतात.